ल्युबेनचा या वर्षीचा फोटो

१

सप्टेंबर संपत आला, लाल मिरच्यांची पोती गल्लीत उतरायला लागली, की स्तामेनला मिन्कामावशीची हाक ठरलेली. मावशीचं घर रस्त्यापलीकडे, ह्याच्या फाटकापासून बारा पावलांवर. मावशी ऐंशीच्या पुढची. स्तामेन चौसष्टचा, पोलिसातून निवृत्त, हातापायांनी ठणठणीत, आणि मुख्य म्हणजे सांगितलेल्या कामाला नाही न म्हणणारा.

"स्तामेन, कागद आलेत रे छापून!"

"आलो मावशी, आलो."

कागद म्हणजे पुण्यस्मरणाचे. दोल्ना रेका गावात माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि वय छापून तो कागद घराच्या फाटकावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा, मग मागे राहिलेल्यांची उमेद असेल तोवर. बहुतेकांची उमेद पाच-सात वर्षांत सरते. मावशीची तीस वर्षांत सरली नव्हती.

स्तामेनने गोंदाचा डबा घेतला, ब्रश घेतला, आणि आधी मावशीच्या फाटकाचा लाकडी खांब धरला. ह्या कामात त्याचा हात बसलेला होता. गोंद लावताना कागद पालथा असतो. चिकटवताना नजर कडांवर ठेवायची, म्हणजे सुरकुती पडत नाही. फोटोकडे बघायची वेळच येत नाही. इतकी वर्षं आली नव्हती.

ह्या वर्षी वारा सुटला. कागदाचं वरचं टोक उलटून त्याच्या मनगटाला चिकटलं, आणि ते सोडवता सोडवता त्याला फोटो नीट बघावा लागला.

खाली छापलं होतं तेच, दरवर्षीचं. ल्युबेन, वय वर्षे तेवीस. वर फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा होता.

ल्युबेनला चष्मा नव्हता. हे स्तामेनला पक्कं माहीत होतं. कसं माहीत, ते मात्र तो कुणाला सांगू शकला नसता.

"झाला का रे?" मावशीने खिडकीतून विचारलं.

"झाला मावशी," तो म्हणाला आणि सुरकुतीवरून बोट फिरवलं.

२

दुपारी अंगणात पत्र्यावर मिरच्या तडतडत होत्या. वासिल्का, त्याची बायको, भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल, कपाळाला काजळी, आणि तोंडाचा पट्टा चालू. स्तामेन लाकडं सारत होता. वर्षातले हे दोन दिवस त्याला सगळ्यात आवडत. द्राक्षांच्या मांडवाखाली सावली, चटणीच्या बाटल्या धुऊन उन्हात पालथ्या घातलेल्या, शेजारी गार दारूचा छोटा पेला. माणसाला ह्याहून जास्त काय लागतं, असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि वासिल्का दरवर्षी म्हणायची, "लाकडं सार, मिरच्या करपताहेत."

"अगं, मावशीने फोटो चुकीचा दिलाय," तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला. "चष्मा आहे."

"भाच्याचा गेला असेल चुकून. दिसतंय कुठं तिला आता." वासिल्काने साल झटकली. "पण लागलाच असता बघ ल्युबेनला चष्मा. त्याच्या बापाला चाळिशी उलटल्यावर लागला होता. लहानपणी कडेवर घेऊन फिरायचे मी त्याला, इतका जड होता मेला!"

हे घर वासिल्काच्या वडिलांचं. ते वारले तेव्हा, ल्युबेन पुलावर मारला गेला त्या दिवसानंतर वर्षभराने, दोघं इथं राहायला आले. सामान उतरवताना समोरच्या फाटकावरचा कागद स्तामेनने पाहिला आणि हातातलं कपाट त्याच्या पायावरच पडलं. वासिल्का हसून हसून लोळली होती. बायकोला त्याने एवढंच सांगितलेलं होतं, की त्या दिवशी आपण पोलिसांच्या मागच्या रांगेत होतो, स्टेशनाच्या बाजूला.

फाटक वाजलं. सरकारी वकिलांच्या कचेरीतली रालित्सा आत आली. तिशीतली, काखोटीला फाईल, बुटांना धूळ.

"या, या," वासिल्का म्हणाली. "पाव आणते. गरम मिरची खाऊन तरी बघा."

ती आत गेल्यावर रालित्साने फाईल मांडीवर घेतली. "स्तामेनकाका, पाचव्यांदा येतेय मी. आता येणार नाही. उद्या चार वाजता तीस वर्षांची मुदत संपते. मग केस कायमची बंद. त्या दिवशी पुढच्या रांगेत बारा जण होतात. अकरा गेले किंवा परदेशी आहेत. तुम्ही एकटे उरलात."

"सांगितलंय की मी. हेल्मेटं बदलली होती आमची. सकाळीच हुकूम आला, आपापलं हेल्मेट शेजाऱ्याला द्या, नंबरावर काळी पट्टी लावा. कोण कुठल्या नंबराखाली होता ते देवाला माहीत."

"नंबर नको. तुमच्याबद्दल विचारतेय."

"हुकूम होता हो. पूल मोकळा करा. ट्रॅक्टर कारखान्याचे कामगार हटत नव्हते. आम्ही काय, सांगितलं ते केलं."

"सांगणारे मेजर वारले. सगळे म्हणतात हुकूम होता, आणि हुकूम देणारा मातीत. मग त्या मुलाला मारलं कुणी? हवेनं?"

स्तामेनने एक लाकूड सारलं. रालित्सा उठली. "उद्या चारपर्यंत मी कचेरीत आहे. एका पानाचा जबाब आहे. तुरुंगात कुणी टाकणार नाही तुम्हाला ह्या वयात, ते मीच लिहून देते. पण नाव लागेल कागदावर. गावात कळेल." तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "घरात कळेल."

वासिल्का पाव घेऊन बाहेर आली तेव्हा ती निघून गेलेली होती.

"काय म्हणत होती रे ती पोर?"

"नेहमीचंच," स्तामेन म्हणाला. त्याने पाव घेतला, मिरची घेतली, वर मीठ भुरभुरलं. चव उत्तम होती. तरी दुसरा घास न घेता त्याने पाव खाली ठेवला.

३

उन्हं कलली तसा तो गरम पाण्याची किटली घेऊन मावशीच्या फाटकाशी गेला. सुरकुती काढायची म्हणून, असं त्याने स्वतःलाच सांगितलं.

त्या खांबावर तो दरवर्षी जुन्या कागदावरच नवा डकवत आला होता. जुना काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने कधी काढला नव्हता. पापुद्र्यांची जाड गादी झाली होती. त्याने पाणी सोडलं, नखाने कोपरा उचलला.

गेल्या वर्षीचा फोटो. चष्मा नाही. पण डोळे बारीक केलेले, लांबचं दिसत नसल्यासारखे. कपाळ मोठं झालेलं.

त्याच्या आतला, दाढीचा. दाढीत पांढरं. त्याच्या आतला पुन्हा गुळगुळीत. त्याच्याही आतल्यात एक गाल सुजलेला, दाढ दुखत असावी तसा, आणि तरी माणूस हसतोय.

स्तामेनने किटली खाली ठेवली. पण डोकं चालू होतं, पोलिसाचं डोकं. हल्ली मोबाइलवर तोंड म्हातारं करून मिळतं. नातीने त्याचंच करून दाखवलं होतं, सगळे हसले होते. मावशीने कुणाकडून तरी करून घेतलं असणार. आईच ती. तिला वाटत असेल, आज कसा दिसला असता. त्याला हायसं वाटलं. मग त्याने आणखी पाणी सोडलं, आणि सन दोन हजार तीनचा कागद हातात आला. तेव्हा गावात असले मोबाइल कुणाकडे होते? तेहतीस वर्षांचा माणूस, उन्हात रापलेला, खांद्यावर पंचा. मागे मावशीच्या स्वयंपाकघराचा निळा पडदा. तो पडदा स्तामेनने स्वतः टांगून दिला होता. दोन हजार दोनच्या नाताळात.

तो सोलत गेला. केस दाट होत गेले, गाल भरत गेले. अगदी तळाशी पाच कागद एकसारखे निघाले, ओळखपत्रावरचा तोच एक फोटो, तेवीस वर्षांचा, गंभीर चेहऱ्याचा. पाच वर्षं तोच फोटो. सहाव्या वर्षापासून नवा.

घरात दिवा लागला. मावशी कुणाशी तरी बोलत होती, हळू, रोजच्या सुरात. काय बोलली ते कळलं नाही. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

स्तामेनने सगळे पापुद्रे गोळा करून शर्टात कोंबले आणि घरी आला.

"अंग ओलं कसं झालं रे तुझं?" वासिल्काने विचारलं.

"किटली सांडली," तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अडीच वाजता स्तामेन मावशीच्या दारात उभा होता. रालित्साकडे जावं की न जावं, ह्याचा त्याने सकाळपासून कीस काढला होता. शेवटी एक वाट सुचली आणि त्याला फार बरं वाटलं. मावशीलाच विचारू. पोरगा तिचा. ती म्हणाली बोल, तर बोलू. म्हणाली नको, तर नको. आपण आयुष्यात कधी स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही, आता ह्या वयात कशाला सुरुवात करा.

त्याने दारात चपला काढल्या. तिथं आणखी एक जोड होता. पुरुषी बूट, मोठ्या मापाचे, तळव्यांना ओला चिखल. पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. परसातल्या वाफ्यांना पाणी सोडलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण मावशीच्या गुडघ्यांनी परसाची वाट सोडून तीन वर्षं झाली होती.

मावशी घेवड्याचा रस्सा ढवळत होती. घर उबदार होतं, पुदिन्याचा वास होता. टेबलावर तीन ताटल्या होत्या.

"बस. जेवायला उशीरच झाला आज."

"मावशी, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणाल तसं करतो. चारच्या आत त्या बाईंना सांगितलं मी, की पुलावर त्या दिवशी..."

"तू मारलंस, असं?"

तिने डाव झाकणावर ठेवला. आवाज चढला नव्हता.

"माहीत आहे मला. पहिल्या वर्षापासून. परका माणूस न सांगता शिडी घेऊन येतो, कागद चिकटवतो, घोटभर कॉफी घेत नाही आणि फोटोकडे बघत नाही. मी काय दुधखुळी आहे?"

"मग बोलला नाहीत कधी..."

"बोलायला गेले होते की! पाच वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. नाव सांगा, नाव सांगा. मग तो कागद आला घरी, शिक्क्याचा. 'मृत्यूस जबाबदार अशी कोणतीही व्यक्ती निष्पन्न झाली नाही.' तीनदा वाचला. मोठ्याने वाचला. आणि त्याच संध्याकाळी वर खुर्ची वाजली." ती त्याच्यासमोर बसली. चेहरा निवांत होता, अगदी समाधानी. "कुणी मारलंच नाही म्हणतात. मग तो मेला कसा रे?"

"मावशी, मी त्याची शवपेटी पाहिली. लांबून. चर्चच्या मागून."

"मीही पाहिली. मीच तर झाकली त्याला." तिने पाव कापायला घेतला. "पण आता येतोय, जेवतोय, वाढतोय. चष्मा लागला ह्या उन्हाळ्यात. फोटो आजचाच द्यायचा ना छापायला? उगाच लोकांनी ओळखलं नाही तर."

वर पावलं वाजली. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी तरी खाकरलं.

"तेव्हा तू आज गप्प राहायचंस," मावशी म्हणाली. "चार वाजू देत, केस बंद होऊ दे, मग कुणाचं नाव कधीच निघायचं नाही. पुलावर तुझ्या साहेबांचं ऐकलंस ना? मुकाट ऐकलंस. आता माझं ऐक. हुकूमच समज."

आणि काय सांगावं, स्तामेनला केवढं हलकं वाटलं! इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. हुकूम मिळाला होता, तोही त्या पोराच्या आईकडून. घरी जावं, उरलेली चटणी बाटल्यांत भरावी, संध्याकाळी मांडवाखाली बसावं. वासिल्काला काही कळायचं कारण नव्हतं. त्याने मान डोलावली. मावशीने त्याच्या ताटलीत रस्सा वाढला, आणि त्या घरात तो पहिल्यांदाच जेवला. रस्सा झकास झाला होता. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला.

५

जिन्यावरून पावलं खाली आली. स्तामेनची जिन्याकडे पाठ होती आणि तिकडे वळायची त्याला गरज वाटली नाही. हुकुमात तसं काही नव्हतं. पावलं त्याच्या मागून गेली, हवा हलली, परसदारच्या मोरीत नळ सुटला.

मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथून एक कोपर दिसत होतं, राखी विणीच्या स्वेटरातलं. रुंद पाठ दिसत होती. आणि वाकलेलं डोकं, मागून. केस पिकलेले. कवटीच्या मागच्या बाजूला दोन जागी केस नव्हते, एकाखाली एक.

"हात धुतो आणि आलोच, आई," मोरीतला माणूस म्हणाला. साधा आवाज, जरा घोगरा. "स्तामेनदादा आलेत वाटतं?"

"जेवतोय तो. त्याला त्रास देऊ नकोस."

"त्रास कसला. एकच विचारायचं होतं. दादा, तुम्ही त्या दिवशी पुलावर होतात ना? आई काही सांगत नाही."

स्तामेनच्या हातात पावाचा तुकडा होता. "होतो," तो म्हणाला.

"मला एवढंच आठवतं, की मी वाकलो होतो. कुणा आजीची पिशवी पडली होती, सफरचंदं घरंगळली होती. मग काही नाही. कोण होतं हो ते?"

"हुकूम होता," स्तामेनच्या तोंडून आपोआप निघालं. तीस वर्षं तेच निघत आलं होतं. "पूल मोकळा करायचा."

"हो, तो ऐकला मी. भोंग्यावरून ओरडले होते. म्हणून तर निघालो होतो ना मी." नळ चालूच होता. "हुकूम कुणाचा ते नाही विचारलं, दादा. कोण होतं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, स्तामेनला वाटलं. शेजारी विचारतो तसं विचारत होता, तुमच्याकडं शिडी आहे का म्हणून. आणि ज्याला विचारलं होतं तो एकटाच ह्या जगात उत्तर देऊ शकत होता. टेबलापलीकडे मावशी जोरजोराने मान हलवत होती. ओठांवर बोट ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी होतं आणि धाक होता. नको. नको म्हणते ना मी.

स्तामेनने वाट पाहिली. आणखी कुणी काही सांगेल म्हणून. हुकूम तर मिळालेला होता, स्पष्ट, आणि पाळायला सोपा. पाळला की मोरीतला माणूस टॉवेलला हात पुसून येणार, समोर बसणार, चष्मा सारखा करून रस्सा ओढणार. उद्याही. पुढच्या वर्षी त्याचा नवा फोटो निघणार. आणि तो पुन्हा विचारणार. बारा पावलांवर राहून, रोज, शांतपणे विचारत राहणार.

"मी," स्तामेन म्हणाला.

नळ थांबला.

"मी होतो. दोन दंडुके मारले. पहिला हुकमाचा म्हण पाहिजे तर. रांग पुढे निघाली होती, हात उठलेलाच होता. पण दुसरा... तू पडला होतास. हातात सफरचंद होतं तुझ्या. दुसरा मार, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. का मारला ते मलाही माहीत नाही. आजवर माहीत नाही."

मोरीतली वाकलेली पाठ सरळ झाली.

"अच्छा," तो माणूस म्हणाला. "असं होतं तर." त्याने श्वास सोडल्याचा आवाज आला, दिवसभर उभं राहिलेला माणूस बसताना सोडतो तसा. "बरं झालं सांगितलंत."

पावलं पुन्हा स्तामेनच्या मागून गेली. आता त्याने मान वळवली. फार नाही, जराशी. जिन्याच्या कठड्यावर एक हात दिसला, ओला, नखं स्वच्छ, आणि वरच्या पायरीवर उचललेली टाच. एक पायरी वाजली, दुसरी, तिसरी. मावशीच्या जिन्याला पंधरा पायऱ्या होत्या. आठवी वाजली आणि नववी वाजली नाही.

मावशी उठली. खुर्चीचा आधार घेत जिन्याच्या तळाशी गेली, वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, केस मोकळे केले, आणि तिच्या छातीतून जो टाहो फुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. आया पहिल्या दिवशी फोडतात तसा. नाव घेऊन, मायेच्या सगळ्या नावांनी हाका मारत, भिंतीवर तळवे आपटत.

घड्याळात सव्वातीन झाले होते. स्तामेन बाहेर आला, चपला घालायला वाकला. दुसरा जोड तिथं नव्हता. फरशीवर थोडा चिखल होता, वाळलेला.

वासिल्का रस्ता ओलांडून धावत येत होती, हात कोपरापर्यंत लाल. मागे शेजारपाजारची दारं उघडत होती.

"काय झालं? मावशी का रडतेय? कोण गेलं?"

"ल्युबेन," तो म्हणाला.

"अरे, असं काय करतोस? त्याला तीस वर्षं झाली." तिने त्याचा दंड धरला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. "काय बोलतोयस तू? कशानं गेला?"

त्याला कचेरी गाठायची होती. चालत वीस मिनिटं लागली असती. पण आधी हे सांगायला हवं होतं, आणि हे सांगायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"माझ्या हातून," स्तामेन म्हणाला. "दोन्ही वेळा."